वरच्या वाडीचा नळ

राही रोज सकाळी पाणी सोडायला निघते तेव्हा तिच्या खांद्यावर व्हॉल्व्ह फिरवायची लोखंडी चावी असते आणि मनात एकच धाकधूक असते, आज तरी तो आवाज येऊ नये.

टाकीखाली तीन व्हॉल्व्ह आहेत. पहिला देऊळवाडीचा, दुसरा रस्त्याकडच्या नव्या घरांचा. तिसरा वरच्या वाडीचा, तो दोन वर्षं बंद आहे. पहिले दोन उघडले की खाली नळांना पाणी येतं, बायकांची झुंबड उडते. आणि त्या गलक्याच्या वरून, डोंगराच्या अंगाने, रिकाम्या हंड्यात धार पडल्याचा आवाज येतो. आधी खणखणीत, मग हंडा भरत जाईल तसा जड. वर माणूस नाही, पाणीही नाही. राही पदर कानावर ओढते आणि पाय उचलते.

तिला वेड लागलंय म्हणावं तर बाकी सगळं तिचं जागच्या जागी आहे. नवरा मुंबईला, भातशेती आणि गुरं हिच्या गळ्यात, वर गावाचं पाणी. चावी पहिल्यांदा तिच्या हातात आली तेव्हा पारावरचे बापये तोंडावर हात ठेवून हसले होते. आता नळाला उशीर झाला तर तेच तिच्या अंगणात येऊन मऊ आवाजात विचारतात.

वरच्या वाडीतली घरं एकेक करून रस्त्याला उतरली. मागे राहिली ती राहीची चुलतसासू, विमलाकाकी. नवी नवरी राही माहेरच्या आठवणीने रडायची तेव्हा सुकट भाजून भाकरीवर ठेवणारी हीच. काकी नळ कधी बंद करायची नाही. आमच्याकडे पुष्कळ बायकांची ही खोड आहे: नळ उघडा ठेवायचा, खाली हंडा लावायचा, म्हणजे पाणी आलं की हंडाच हाक मारतो. धार वाजली की काकी वरून ओरडायची, "आला गो, राही!" आणि राही खालून चावी हलवून दाखवायची.

मग ती ग्रामसभा झाली. आता कारभार तुमचा, दूर बसून कोणी ठरवणार नाही, असं सांगून पाण्याची योजना गावाच्या स्वाधीन झाली होती. पंपाचं बिलही अर्थात गावाच्याच माथी. एका घरासाठी पाणी डोंगर चढवणं परवडत नाही, वरची लाइन बंद करावी, काकीने खाली पुतण्याकडे, राहीच्या दिराकडे, राहावं, असा ठराव आला. वाईट कोणीच बोललं नाही. सरपंच ज्ञानेश्वरीने तर काकीला खुर्ची दिली, चहा दिला. हात वर करायला सांगितल्यावर सगळ्यांनी केले. काकी राहीकडे बघत होती. राहीने हात वर केला. ते पाहून काकीनेही केला.

"तुमी कशाला हात वर केलात, काकी?" परतताना राहीने विचारलं.

"सगल्या गावानं केलान, तू पन केलास. मी यकटीनं खाली ठेवून काय करू गो?"

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी राहीने तिसरा व्हॉल्व्ह बंद केला. काकी मात्र खाली आली नाही. पऱ्याच्या आटलेल्या पात्रात खड्डा खणून केलेल्या डवऱ्यातून वाटी वाटी पाणी उपसून ती कळशी भरायची. राही जमेल तेव्हा वर पाणी नेऊन द्यायची. जमेल तेव्हाच. वैशाखात एका सकाळी काकी डवऱ्याच्या काठावर सापडली, कळशी शेजारी आडवी. तिचा देह घरी आणला तेव्हा राहीची नजर मोरीकडे गेली. नळ उघडा होता आणि खाली हंडा लावलेला होता. हात वर करूनही काकी पाण्याची वाट बघत होती.

त्याबद्दल कोणाला काही विचारलं तर उत्तर एकच, गावानं ठरवलं. आणि गावाला शोधायला जावं तर ते कुठल्याच घरात सापडत नाही. चावी मात्र राहीच्या घरातल्या खुंटीवर असते.

यंदाच्या सभेला परदेशी संस्थेची माणसं आली. गाव स्वतःचा कारभार कसा करतं, ते त्यांना बघायचं होतं. सोबत दुभाषी म्हणून रत्नागिरीची आरोही. ज्ञानेश्वरीने अभिमानाने सांगितलं, आमच्याकडे आजवर एकही ठराव मत फुटून झालेला नाही. ते ऐकून पाहुणे खूश झाले. राही खांबाला टेकून बसली होती. तिची पाणी सोडायची नेमणूक दरवर्षी हीच सभा करते आणि यंदाची अजून व्हायची होती.

ठराव वाचला गेला. वरच्या वाडीचे पाइप नुसते गंजताहेत, ते उपसून नव्या घरांना वापरावे. चूक काही नव्हतं त्यात. हात वर झाले. राहीने दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि एकमेकांत गुंतवून घट्ट धरले.

"राहीवैनी, हात," ज्ञानेश्वरी हळूच म्हणाली.

"नाय."

"अगं, वर आता कोण राहतंय?"

माना वळल्या. मागच्या बाकावरचे पाहुणे आरोहीच्या कानाशी लागले. ग्रामसेवक लेखणी धरून खोळंबला. "विरोध एक लिहू?" त्याने विचारलं.

"दोन लिवा," राही म्हणाली. "यक माजा. यक विमलाकाकीचा, तवाचा लिवायचा ऱ्हायलाय."

कोणी हसलं नाही. ग्रामसेवकाने एकच लिहिला, मेलेल्या माणसाला मत नसतं. ठराव बहुमताने मंजूर झाला. ज्ञानेश्वरी बराच वेळ खाली मान घालून कागद नीट करत राहिली. नेमणुकीच्या वेळी गाव कुजबुजलं, पण चावी राहीकडेच राहिली. पहाटे उठायची दुसऱ्या कोणाची तयारी नव्हती.

आठवड्याभरात पाइप उपसले. डोंगरावर लाल मातीचा लांबच लांब चर राहिला.

दुसऱ्या दिवशी राहीने पहिला व्हॉल्व्ह उघडला, दुसरा उघडला. खाली बायकांची झुंबड उडाली. आणि वरून, जिथे आता पाइपही नव्हता तिथून, रिकाम्या हंड्यात धार पडली.

राहीने पदर कानावर ओढला नाही. चावी बाजूला ठेवून ती टाकीच्या पायरीवर बसली.

"भरला की सांगा, काकी," ती म्हणाली आणि हंडा भरेपर्यंत तिथेच बसून राहिली.