आडवी रेघ

शेजारची मुक्ता अभ्यासाला माझ्याकडे येते. तिच्या घरी दिवसभर टीव्ही चालू असतो आणि माझ्याकडे आवाज करायला कुणी नाही. उद्या तिचा गणितातल्या फलनांचा, म्हणजे फंक्शन्सचा पेपर. दुपारभर माझ्या जेवणाच्या टेबलावर आलेखाचे कागद पसरले होते. चढणाऱ्या, वळणाऱ्या, मध्येच तुटणाऱ्या रेषा काढून झाल्यावर तिनं पट्टी धरून पाचच्या आकड्यापासून एक सरळ आडवी रेघ ओढली.

"हे स्थिर फलन, काकू. सगळ्यात सोपं. आत काहीही घाला, उत्तर पाचच."

"मग उत्तरावरून आत काय घातलं होतं ते कसं ओळखायचं?"

"नाहीच ओळखता येत," म्हणत ती पुढच्या गणिताला लागली.

तेवढ्यात परगावाहून माझ्या मुलाचा फोन आला. तब्येत कशी आहे? बरी आहे. गुडघा? बरा आहे. दसऱ्याला जमेलसं वाटत नाही गं आई, चालेल ना? चालेल की. मी बरी आहे.

हे उत्तर आम्हा बायकांच्या तोंडी कधी बसलं, कोण जाणे. ताप असो, सण असो, रिकामं घर असो, बाहेर येतं ते एवढंच. ऐकणारा निर्धास्त होऊन फोन ठेवतो आणि आतलं आतच राहतं.

मी फोन ठेवला. मुक्ता पेन्सिल थांबवून माझ्याकडे बघत होती.

"काकू, तुमचा गुडघा खरंच..."

"बरा आहे गं," मी म्हणाले. तिचा प्रश्न अजून पुरा व्हायचा होता.