वेबसाइटची बोहणी

लग्न होऊन देवळीला आले तेव्हा माझ्याजवळ वर्ध्याच्या एका क्लासचं कॉम्प्युटरचं सर्टिफिकेट होतं. सासरी त्याचा काय उपयोग, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं.

आमचं दुकान फवारणीच्या पंपांचं. पुढे नवे प्लास्टिकचे पंप टांगलेले आणि मागच्या कोपऱ्यात मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, लाकडी बाकडं. तिथे बसून ते जुने पितळी पंप दुरुस्त करत. सुनेनं दुकानात बसायची आमच्या घरात रीत नव्हती. मामाजींनीच एके दिवशी बाकड्याशेजारी स्टूल आणून ठेवलं आणि म्हणाले, "बस वं सूनबाई, घरात तरी काय करतं?" त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची. त्यांच्याविरुद्ध कुणी ब्र काढला की माझं डोकं फिरायचं.

आणि ब्र काढला तो आमच्या ह्यांनीच. मोबाइल आले होते, जो तो रिचार्ज मागत होता. ह्यांना मागच्या कोपऱ्यात रिचार्जचं काउंटर टाकायचं होतं. "पितळी पंप आता कोन वापरते? दिवाळीपर्यंत पाहू, नाई तं बाबाईले आराम," असं ते जेवताना बोलून गेले. त्या रात्री मामाजींच्या ताटातली अर्धी भाकर तशीच राहिली. अठ्ठावन्न-साठ वर्षांचा धडधाकट माणूस, त्याला कसला आराम? मला इतका राग आला की दुसऱ्या दिवशी मी भाजीत मीठ दोनदा टाकलं. पहिल्यांदा चुकून, दुसऱ्यांदा मुद्दाम.

मग मी माहेरून आणलेल्या जुन्या कॉम्प्युटरवर वेबसाइट काढली. गावोगावच्या लोकांना कळलं की देवळीत पंप दुरुस्त होतो, तर ते येतीलच, असा साधा हिशेब. क्लासचे सर म्हणाले, "नुसती साइट कोण पाहतो? सोबत ब्लॉग लिही. नवं नवं लिहीत राहिलीस तर सर्चमध्ये वर येशील." म्हणून मी ब्लॉग लिहायला घेतला आणि जे लिहिलं ते आठवून आजही कान गरम होतात. "आमच्या येथे सर्व प्रकारचे पंप माफक दरात मिळतील." सणाच्या शुभेच्छा. सुविचार. वाचणाऱ्याला वाटावं, पंप विकत नाही, मुलीचं लग्न काढलंय.

पण पानाच्या तळाशी दिवसभरात किती जण येऊन गेले ते मोजणारा आकडा होता आणि तो रोज तिसाच्या आसपास हलायचा! मी हवेत. लाइट असेल तेव्हा धावत जाऊन आकडा बघायची आणि सगळ्यांना ऐकवायची. ह्यांनी आठ दिवस ऐकलं आणि शेवटी विचारलं, "तीस-तीस मानसं येऊन राह्यले म्हनतं तू, अन् दुरुस्तीले एक पंप नाई आला. जाते कुठी हे लोकं?"

ह्याचं उत्तर मला पुलगावच्या एका लग्नात मिळालं. माझ्या नणंदेच्या दिराचं लग्न, त्यामुळे नागपूर-पुण्यापासून आंजीपर्यंतचे झाडून सगळे नातेवाईक मांडवात. पंगतीत वाढताना मी ऐकलं, नागपूरचा एक भाचा मामाजींना म्हणत होता, "बोहनी करतो बरं मी रोज! ऑफिसात गेलो की पयले आपलीच साइट उघडतो. एक दिवस खाडा नाई." शेजारचा म्हणाला, "मी पन करतो. सायबर कॅफेत जाऊन करतो." मठ्ठ्याचा जग माझ्या हातून सुटता सुटता राहिला.

घरी येऊन पाहिलं तर त्या दिवशीचा आकडा शून्य. सगळे गिऱ्हाईक लग्नाला गेले होते!

मामाजींना जाब विचारला तर त्यांना काही चुकल्यासारखं वाटतच नव्हतं. उलट समजावून सांगायला लागले, "अवं, पयली बोहनी घरच्या चांगल्या हाताच्या मानसानं केली तं दिवस बरा जाते. दुकान काय अन् तुही साइट काय, धंदा तं धंदाच." त्यांनी फोन करून करून तीस जणांना कामाला लावलं होतं. मी आधी चिडले, मग इतकी हसले की पोट दुखायला लागलं. त्यांच्या परीनं तेही त्या कोपऱ्यासाठीच धडपडत होते.

सगळ्यांच्या बोहण्या बंद केल्या. आकडा धाडकन खाली आला. दोन, एक, काही नाही. एका सकाळी मात्र एक नवखा माणूस येऊन गेलेला दिसला. कोण काय शोधत आलं तेही आकड्यासोबतच्या यादीत दिसायचं. त्यानं लिहिलं होतं, 'पंप हवा धरत नाही'. कधीतरी एका गिऱ्हाइकानं हेच विचारून डोकं खाल्लं, म्हणून मी वैतागून चार ओळी खरडल्या होत्या. तेवढ्याच त्याला सापडल्या होत्या. मी कपाळावर हात मारला. लोकांना आमचं नाव, आमचे माफक दर, काही नको असतं. त्यांचं अडलेलं असतं आणि तेच ते शोधतात.

मग मी वही घेऊन बसले. बाकड्यापाशी येऊन माणूस जे विचारेल ते त्याच्याच शब्दांत लिहायचं आणि खाली मामाजींचं उत्तर. पण उत्तर देताना मामाजी सगळं सांगत नसत. धंद्यात हातचं राखायचं, हा पिढीजात नियम. "घरबसल्या पंप दुरुस्त झाला तं इथिसा कोन येईन?" त्यांनी सांगितलं, "लिही, वायसर बदला." मी लिहिलं. दांड्याच्या टोकाला चामड्याची वाटीसारखी चकती असते, ती म्हणजे वायसर.

पंधरा दिवसांनी त्या लेखाखाली कुणीतरी प्रतिक्रिया टाकली. मी ती मोठ्यानं वाचली, हे माझं चुकलं म्हणा की बरोबर. "वायसर बदललं, तरी पंप तसाच. सांगणाऱ्याला पंपातलं काही कळत नाही."

मामाजींच्या हातातला पाना खाली पडला. "कोन म्हनते? मले कळत नाई? कोन्या गावचा आहे तो?" गाव लिहिलेलं नव्हतं, ते बरंच झालं, नाहीतर ते बसनं जाऊन उभे राहिले असते. "कोरडं चामडं बसवलं असन त्यानं! लिही वं! नवं वायसर रातभर एरंडेलात बुडवा म्हना. वाटीची धार खाली करा. दांडा सिधा आत घालू नका, फिरवत घाला. अन् मले कळत नाई म्हनतो लेकाचा!" इतक्या वर्षांचं राखून ठेवलेलं सगळं त्यांनी रागाच्या भरात एका दुपारी ओकून टाकलं. मी लिहून लिहून थकले, पण मधे थांबवलं नाही. हे दूध उतू जायलाच हवं होतं, गॅस कोण बंद करतो?

त्यानंतर आकडा हळूहळू चढू लागला आणि ह्या वेळी त्यात एकही भाचा नव्हता. शहरात नोकरीला असलेली पोरं गावाकडच्या वडिलांसाठी विचारायची. कुणी बसच्या पार्सलात पंप पाठवायचं. फार नाही, आठवड्याला एखाददुसरं. आणि दिवाळी तर तोंडावर आलेली.

एका सकाळी हे खरंच सुताराला घेऊन आले. कोपऱ्याचं माप घेणं सुरू झालं. मामाजी बाकडं रिकामं करायला लागले. मला ते बघवेना. तेवढ्यात खांद्यावर पितळी पंप घेतलेला, घामाघूम झालेला एक माणूस दारात आला. यवतमाळकडून दोन बस बदलून आलो म्हणाला. मामाजींनी अधाशासारखा हात पुढे केला. "काय झालं याले?"

"काई नाई झालं. तुमचं लिहिलेलं माह्या पोरानं वाचून दाखवलं, तसं केलं, घरीच बेस झाला."

"मंग येवढ्या दूर आनला कायले?"

"दाखवाले," तो म्हणाला. "ज्यानं सांगतलं त्याले दाखवा लागते ना."

मामाजींनी दांडा ओढला, दाबला, धार पाहिली. म्हणाले, "चांगलं बसवलं." मी चहा केला. ह्यांनी राहवेना म्हणून विचारलं, "काई पायजे का? नळी, नोझल?" तो म्हणाला, "नाई जी," आणि चहा पिऊन दुपारच्या बसनं परत गेला. एका पैशाचंही सामान घेतलं नाही. मला वाटलं, संपलं आता. एवढ्या महिन्यांत एक माणूस दुरून आला आणि तोही फुकट चहा पिऊन गेला. मामाजींचंच खरं, सगळं सांगून टाकलं की कोण कशाला पैसे देतो?

हे दारात उभे राहून तो गेला त्या रस्त्याकडे बघत होते. "दोन बस बदलून नुसतं दाखवाले आला," असं पुटपुटले आणि मागे वळून सुताराला म्हणाले, "काउंटर बाहेर ओट्यावर घ्या. इथिसा बाबा बसतात."

मी लगबगीनं आत गेले आणि पदरानं डोळे पुसले. बाहेरून मामाजींचा आवाज आला. ते सुताराला बजावत होते, "ओट्यावर घेतं तं वरून टिना टाकजो रे बाप्पा, रिचार्जवाल्याईले ऊन लागन."