वामन तांडेलचा न दुखणारा पाय

करावे गावच्या वामन तांडेलला कधी काही दुखलं नाही. निदान त्याचं म्हणणं तरी तसं. दात उपटला तेव्हा नाही, विंचू चावला तेव्हा नाही, बाप गेला तेव्हाही नाही. तरुणपणी कबड्डीत तीन-तीन गडी अंगावर घेऊन रेषा गाठायचा, म्हणून खाडीकाठच्या गावांत त्याचं नाव होतं. पुढे खेळ सुटला, पोट सुटलं, शेतजमीन नव्या शहरासाठी सरकारने घेतली, तरी छाती काही आत गेली नाही.

त्र्याऐंशी साली त्याचं नवं घर चाललं होतं. कडप्प्याच्या लाद्यांचा टेम्पो दाराशी आला. हमाल बेताबेताने लाद्या उतरवत होते, ते या पहिलवानाला बघवेना. "सरका रं, तुमच्या हातान दिवाली यील," म्हणत तो पुढे झाला आणि दोघांचं ओझं एकटा ओढायला गेला. उभी रचलेली चळत कलली ती थेट त्याच्या उजव्या पायावर. नडगी मोडली. कातडी मात्र फाटली नाही, रक्ताचा थेंब नाही. तेवढ्यावर वामनची मर्दुमकी शाबूत राहिली. त्याच टेम्पोतून त्याला वाशीच्या एका लहानशा दवाखान्यात नेलं, तर हा गडी वाटेत विडी ओढत होता.

तिथले डॉक्टर श्यामसुंदर तरुण, पण सावध. त्यांनी हाड सरळ केलं, पायाखाली अर्धं प्लास्टर दिलं आणि वामनच्या बायकोला, गोजराला, बाजूला बोलावलं.

"ताई, पोटरीचं मांस घट्ट पिशव्यांत असतं. आत सूज चढली तरी पिशवी ताणली जात नाही. रक्त अडतं, मांस मरतं. सुई घालून आतला दाब मोजायचं यंत्र इथे नाही, तेव्हा बाहेरूनच लक्ष ठेवायचं. पोटरी कडक होते का, बोटं ताणली की कळ येते का, आणि मुख्य म्हणजे दुखणं वाढतंय का. नाडी लागते म्हणून गाफील राहून चालत नाही. दुखणं मात्र त्यांनीच सांगायचं."

म्हणजे सगळी भिस्त वामनच्या खरेपणावर.

नर्स थोड्या थोड्या वेळाने येऊन विचारायची, "दुखतंय का?"

"दुखनं बायकांचं, सिस्टर. आपल्याला काय पन नाय."

दुपारी गावची मंडळी जमली. सिताराम, त्याचा जुना खेळगडी, शहाळं घेऊन आला. "वाघ हाय आपला वाघ!" एवढं म्हणायची खोटी, वामन उशीला टेकून लाद्यांची गोष्ट सांगू लागला. दर खेपेला चळतीत दोन लाद्या वाढत होत्या. कपाळावर घाम डवरला होता, तो म्हणे उकाड्याचा.

मंडळी चहाला खाली गेली तशी त्याने गोजराचा हात करकचून धरला.

"पायात आग पडलीय गो. बोटं बधिर झालीत."

"मंग सांगा की डॉक्टरला!"

"गप. सिताराम आयकल. बोललीस तर बघ."

"बघीन," गोजरा म्हणाली आणि हात सोडवून थेट डॉक्टरांकडे गेली.

डॉक्टर आले तेव्हा मंडळी परतली होती. त्यांनी पोटरी दाबली. लाकूड. मग अंगठा हळूच खाली ताणला. वामनचे ओठ पांढरे पडले.

"कसं वाटतं?"

"गुदगुल्या होतात," वामन म्हणाला. सिताराम हसला. त्याचं हसू ऐकून वामनही हसला. इतकं मूर्खासारखं हसणारा माणूस त्या खोलीत त्याआधी झोपला नसेल.

डॉक्टरांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावलं आणि अंगठा पुन्हा ताणला. जी बोंब उठली ती जिन्यापर्यंत ऐकू आली.

लगेच पोटरीवर लांब चिरे देऊन आतला दाब मोकळा केला. पाय वाचला, पण पुढच्या बाजूचं मांस काळं पडलं होतं, ते काढावं लागलं. सकाळपासून तोंड उघडलं असतं तर कदाचित तेही राहिलं असतं. पाऊल वर उचलायची ताकद गेली. चालताना चप्पल फरफटू लागली.

यातून वामन काही शिकला म्हणाल, तर छे! मारुतीच्या देवळाच्या पायरीवर बसून तो सांगू लागला, "धडधाकट पाय होता, डॉक्टरने उभा चिरला." सिताराम मान डोलवायचा.

तीन वर्षांनी गोजराचा भाऊ गोटीराम मोटरसायकलवरून पडला. तसंच नडगीचं हाड मोडलं, तोच दवाखाना. वामन फरफटत भेटीला गेला, खाटेशी बसला आणि उपदेश सुरू केला, "मर्दासारखा रव्हा. दुखतंय म्हंटलंस का कापलाच तुला."

गोजराने त्याला दंडाला धरून उठवलं. "तुमी घरी जा. गोटीराम, जरा दुखलं तरी वरड."

गोटीराम ओरडला. इतका ओरडला की शेजारचे रोगी कंटाळले. प्रत्येक वेळी डॉक्टर यायचे, पोटरी चाचपायचे, बोटं ताणून बघायचे. एकदा पट्ट्या घट्ट वाटल्या, त्या सैल केल्या, तशी कळ उतरली. चिरा द्यायची वेळच आली नाही.

पुढच्या हळदीला गोटीराम दोन्ही पायांनी नाचला. खुर्चीत बसून वामन शेजारच्याला सांगत होता, "आमचा मेव्हणा लय रडका."