भावजींच्या खिडकीखालचं इंजिन

दुपारी जेवण झालं की माझे धाकटे दीर खिडकीजवळच्या कॉटवर आडवे होतात. ते आडवे झाले की मी अंगणात जाते आणि इंजिन सुरू करते. त्याला सायलेन्सर नाही. मुद्दामच बसवलेला नाही.

हे इंजिन दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचं. युद्ध संपल्यावर लष्कराने ती लिलावात काढली, कुणा ठेकेदाराने घेतली, जांभ्याचे चिरे वाहून वाहून तिचं कंबरडं मोडलं आणि शेवटी ती एका काजूच्या बागेत पडून राहिली. ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, ती तिथे सापडली. आत घोरपड राहत होती. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला माणूस, दुसरा कसला छंद लागणार? टेम्पोत घालून घरी आणली, मागच्या पडवीत ठेवली आणि हे ती जमेल तशी उभी करत राहिले. पाने हातात देता देता मीही शिकले. बॉनेटवरचे रंगाचे थर पॉलिश पेपरने घासायचं काम माझं. सगळ्यात खाली लष्कराचा पांढरा तारा निघाला, तो मी काढला. त्या दिवशी ह्यांनी स्वतः चहा करून मला दिला, हे आमच्या घरात नवलच.

मग ह्यांना आजारपणामुळे मुंबईला न्यावं लागलं. आमचं घर एकच, मधे भिंत घातलेली, अंगण वाटून घेतलेलं; मागची पडवी मात्र सामाईक. दिरांनी नवी गाडी घेतली होती, ती ठेवायला जागा हवी होती. त्यांनी जीप हातखंब्याच्या भंगारवाल्याला देऊन टाकली. मला शेजारणीने फोनवर सांगितलं. इकडे हॉस्पिटलात हे रोज विचारायचे, "ताडपत्री नीट बांधलेली आहे ना?" मी म्हणायचे, "भावजी बघतात." तेव्हा माझी जीभ कशी झडली नाही कोण जाणे. घरी जाऊन एकदा जीप सुरू करायची, एवढंच ह्यांना हवं होतं. हे घरी आलेच नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर मी हातखंब्याला गेले. बॉडी गॅस कटरने कापून केव्हाच रवाना झाली होती, ताऱ्यासकट. इंजिन तेवढं कोपऱ्यात चिखलात पडलेलं. ते परत आणलं, लोखंडी स्टँडवर चढवलं, रेडिएटर, बॅटरी, पेट्रोलचा डबा जोडला. स्टँड ठेवला माझ्याच हद्दीत, पण दिरांच्या खिडकीला लागून. पहिल्यांदा इंजिन सुरू झालं तेव्हा मला रडू फुटलं. तेवढ्यात खिडकीत दिरांचं घाबरलेलं तोंड दिसलं आणि रडू कुठल्या कुठे पळालं. फार बरं वाटलं.

इंजिन अधूनमधून फिरवावं, नाहीतर पिस्टन जाम होतात, असं हे सांगायचे. मी रोज फिरवते. जपणूक थोडी जास्त झाली म्हणून कुणाचं काय बिघडलं? जुन्या गाड्यांची हौस असलेले लोक पुण्याहून बघायला येतात. बाकीची जीप कुठे आहे, असं विचारतात. मी खिडकीकडे बोट दाखवते आणि म्हणते, तिथे विचारा. हल्ली पाहुणे दिसले की दीर खिडकी लावून घेतात आणि आत घामाघूम होऊन बसतात.

परवा ते स्वतःच अंगणात आले.

"वहिनी, आता पुरे करा," म्हणाले. "चुकलं माझं. दादा असता तर माफ करून मोकळा झाला असता. त्यान कधी कुणावर राग धरलान काय?"

खोटं नव्हतं ते. धाकट्या भावावरचा ह्यांचा राग ताटातली पेज निवेपर्यंतही टिकत नसे.

"म्हणूनच ह्यांना सांगितलं नाही, भावजी," मी म्हटलं. "सांगितलं असतं तर जाता जाता तुम्हाला माफ करून गेले असते."

मी पेट्रोलचा कॉक उघडला.