अक्कांनी मीटर झाकला

ड्रायव्हिंग शिकण्याच्या पहिल्याच दिवशी लक्ष्मीअक्कांनी गाडीच्या मीटरवर आपला रुमाल टाकला. मी नांदेडच्या एका कॉलेजात पंचवीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवतो. कोणत्या वेगाला कोणता गिअर, याचा तक्ताच करून खिशात आणला होता.

"वीसला दुसरा, तीसला तिसरा, बरोबर ना?"

"काट्याकडं काय बघून राहिले सर? इंजन काय म्हणतंय ते ऐका."

अक्का धर्माबादच्या. नवरा गेल्यावर त्याचा मिरचीचा टेम्पो त्यांनी स्वतः चालवला, मुलीला नर्स केलं आणि पन्नाशीनंतर नांदेडला येऊन आपल्या जुन्या गाडीवर बायकांना ड्रायव्हिंग शिकवू लागल्या. त्यांच्या शिष्यांत पुरुष मी एकटा, आणि ढ सुद्धा मी एकटाच.

"कण्हायला लागली की खालचा, किंचाळायला लागली की वरचा," एवढंच त्यांचं शास्त्र. त्यावर मी त्यांना टॉर्क समजावून सांगायचो आणि भर चौकात गाडी बंद पाडायचो. मागे ऑटोवाल्यांचे भोंगे. "आगंडी, आगंडी!" घाबरल्या की अक्का तेलुगूत 'थांबा' म्हणत. मग शांतपणे, "गाडी बोलूनच राहिली होती सर. मधी तुमीच बोलले."

एका सकाळी आम्ही गोदावरीच्या पुलाकडे निघालो होतो. अक्का एकाएकी गप्प झाल्या. चेहरा घामाने डबडबला, हात छातीवर गेला.

"दवाखान्यात घ्या."

"ऑटो बघतो," मी म्हणालो.

"तुमी कोण हाव मग? हाना गाडी!"

मी गाडी दामटली. पुलाच्या चढावर गाडी कण्हू लागली आणि काही सुचायच्या आत माझ्या हाताने खालचा गिअर टाकला. गाडी चढली. महिनाभरात पहिल्यांदाच मला ऐकू आलं होतं. मी वळून पाहिलं, तर अक्कांचे डोळे मिटलेले.

वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. तिसऱ्या दिवशी मी कौतुकाच्या आशेने भेटायला गेलो.

"पूल उतरल्यावरबी दुसऱ्यातच आणली तुमी," अक्का म्हणाल्या. "लई बोंबलून राहिली होती. छातीतली कळ सोडून मी तेच ऐकत होते."

मुलगी त्यांना धर्माबादला घेऊन गेली. निघताना म्हणाल्या, "आता तुमच्या घरच्या मॅडमला शिकवा. दुसऱ्याला शिकवल्याबिगर आपल्याला येत न्हाई."

मी घरच्या गाडीवर बायकोला शिकवायला घेतलं. चौथ्या दिवशी ती म्हणाली, "मला जमतंय. तुम्ही जरा मागं बसता का?" हे फोनवर सांगितलं तेव्हा अक्का खोकला येईस्तोवर हसल्या. "मग बसा की! बाईला चालवू द्या."

दिवाळीच्या आधी त्या गेल्या. धर्माबादला गाडी बायकोनेच नेली. मी मागे बसलो होतो, त्यामुळे रडू लपेल असं वाटलं. आरशात तिला दिसलं असणार. तिने गाडी जरा हळू केली.