कॅमेरा बंद हाय

उकडलेल्या शेंगांचा वास आला की ते शूटिंग आठवतं. कॉलेजात मी आणि माझ्या जिवलग मित्रानं एक हिब्रू सिनेमा पाहिला होता, सिनेमा काढणाऱ्यांचीच टर उडवणारा. तसाच मराठीत काढायचा म्हणून त्यानं पाथर्डीत मला नट केलं, पण रडायच्या प्रसंगात मला रडताच येईना. दुपारी शेंगा सोलताना तो म्हणाला, "कॅमेरा बंद हाय. तुझी आई कशी गेली, सांग ना." ऊसतोडीला गेलेली आई फडातच दगावली, हे मी पहिल्यांदाच कुणाला सांगितलं आणि ढसाढसा रडलो. पुढं नगरच्या हॉलमध्ये पडद्यावर तेच रडणं आलं, खाली अक्षरं होती, 'नट रडायला शिकतो'. लोक पोट धरून हसले. शेजारी बसलेला तो कुजबुजला, "लई भारी आलंय!" परवा मुलीनं आजीबद्दल विचारलं, तर मी 'आजारानं गेली' एवढंच सांगितलं.