कडू लागते, असे मी म्हणाले

पेट्रोलियम अभियंता म्हणजे पेट्रोल पंपावरची साहेबीण, अशी आमच्या नातेवाइकांची ठाम समजूत होती आणि ती दूर करण्याचा नाद मी फार लवकर सोडला. खुलताबादच्या मावशीने तर भर लग्नात विचारले होते, "मग आमच्या गाडीची टाकी फुल्ल करून देशील ना गं?" मी देईन म्हणाले. तारेला उपकरण बांधून ते तेलविहिरीच्या पोटात सोडायचे आणि अंधारातला खडक काय सांगतो ते वर बसून ऐकायचे, हे माझे काम. अक्षतांच्या गर्दीत ते कसे समजावणार?

आई कॉलेजात मराठी शिकवायची. कविता डोळ्यांनी वाचू नये, तोंडाने वाचावी, हा तिचा आग्रह. कुठे ओठ मिटतात, कुठे घसा उघडतो, कुठल्या अक्षरावर श्वास संपतो, हे तिने मला लहानपणीच जिभेवर गिरवून दिले. त्या शिक्षणाचा उपयोग पुढे वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये होईल, हे तिला सुचणे शक्यच नव्हते.

गुजरात आणि राजस्थानच्या विहिरींवर काही वर्षे काढल्यावर मला आखातात पहिली परदेशी नेमणूक मिळाली. तिथल्या विहिरीतून येणारा वायू विषारी होता. थोडा असला की त्याला सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की तो आधी नाकच मारतो. वास नाहीसा होतो, माणसाला हवा स्वच्छ झाल्यासारखी वाटते आणि तिथेच सगळे संपते. म्हणून अशा ठिकाणी नाकाच्या भरवशावर जगता येत नाही, मास्कच्या भरवशावर जगावे लागते. आणि तो चेहऱ्यावर घट्ट बसतो याचा दाखला निघण्यापूर्वी पाठवावा लागतो. माझा दाखला त्या संध्याकाळपर्यंत पोहोचला नाही, तर ती जागा माझ्या मागे थांबलेल्या माणसाला मिळणार होती.

त्या दाखल्यासाठी मामा मला स्कूटरवरून वाळूजला घेऊन निघाले. परदेशी निघालेली मुलगी म्हणून माझा सत्कारही त्याच संध्याकाळी होता, सिडकोतल्या एका सभागृहात, आणि त्याचा फ्लेक्स सकाळीच चौकात लागला होता. त्यावर मी होते, पुष्कळ उजळवलेली. मागे एक जहाज, एक विमान आणि एक ज्वाळा. तिन्ही एकाच आकाराची.

प्रशिक्षण केंद्र म्हणवणाऱ्या त्या शेडच्या भिंतींवर सुरक्षेच्या घोषणा होत्या. दार मिटू नये म्हणून त्याला आग विझवण्याचे लाल नळकांडे टेकवले होते. आत फिनेल, तापलेला पत्रा आणि अनेकांच्या घामाने मऊ झालेले रबर यांचा मिळून एक वास होता. माझ्या आधी लासूर स्टेशनचा एक तरुण होता, भरघोस दाढीचा. रबर त्वचेवर बसावे लागते, केसांवर नाही. या धंद्यात हे पहिल्या दिवशी सांगतात. प्रशिक्षकाने त्याच्या दाढीवर मास्क चढवला, डोक्यावर पारदर्शक टोपडे घातले आणि त्यात फवारा मारला. तरुणाचे डोळे बारीक झाले, कपाळ गोळा झाले.

"काही लागलं?"

"नाय. काय बी नाय," तो खोकत म्हणाला. प्रशिक्षकाने सही केली.

माझा राग त्याच्यावर नव्हता. घरची आशा घेऊन आलेल्या माणसाची जीभ तिथे तेवढेच बोलू शकत होती. राग होता तो त्या सहीवर.

ही तपासणी मुळात फार सुंदर आहे. टोपड्यात एक कडू द्रव फवारतात. मास्क नीट बसला असेल तर आतल्या माणसाला काहीच लागत नाही. फट असेल तर जीभ ती शोधते. मान वळवायची, वाकायचे आणि मग मोठ्याने काहीतरी म्हणायचे, कारण बोलताना जबडा हलतो. वर्षानुवर्षे यंत्रांवर विश्वास ठेवणाऱ्या माझ्या धंद्याने इथे मात्र शेवटचा शब्द माणसाच्या जिभेला दिला आहे. आणि त्या जिभेला खोटे बोलायची सोय या शेडने करून दिली होती.

माझ्यावर मास्क आणि टोपडे चढले, फवारा आला, आणि मी आईने पाठ करून घेतलेली एक जुनी कविता म्हणू लागले. 'प' आणि 'म' येत होते, ओठ मिटत होते, तोवर रबर गालाला चिकटून राहिले. मग 'आभाळ' आले. हनुवटी खाली गेली आणि जिभेच्या मुळाशी कडू पसरले, कडुनिंबाचा पाला चावून पाणी न पिता बसावे तसे.

"कडू लागतंय," मी म्हणाले.

प्रशिक्षकाने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिले. "अरे मॅडम, थोडा तो लगताच है. सगळे नाही म्हणतात, मी सही करतो, किस्सा खतम."

"मग तपासता कशाला?"

"दाखला द्यायला."

"लहान मापाचा मास्क आहे?"

"लेडीज इकडं येतच नाहीत. मीडियम आहे. मीडियम सगळ्यांना बसतो."

"मला बसत नाही."

कोपऱ्यातून मामा उठून आले. "लई शहाणपणा करू नको, बाई. नाय म्हण अन् मोकळी हो. तिथं काय रोज गॅस सुटतो व्हय?"

"मामा, रोज सुटायची गरज नसते."

"अगं, संध्याकाळी लोक येणारेत!"

जणू वायूही पत्रिका बघून येणार होता.

मी बाहेर येऊन कंपनीच्या समन्वयकाला फोन केला. तो अत्यंत गोड बोलला. प्रामाणिकपणाबद्दल त्याने माझे अभिनंदन केले, सुरक्षेशी तडजोड नाही हे दोनदा सांगितले आणि त्याच स्वरात कळवले की माझ्या जागी दुसऱ्याला पाठवत आहेत. एवढ्या सौजन्याने कोणी माझ्या हातातले ताट याआधी ओढून घेतले नव्हते.

मामांनी स्कूटर सिडकोच्या रस्त्याला घातली. मग मान न वळवता म्हणाले, "आज काय बोलू नको. फ्लेक्स लागलाय."

सभागृह भरले होते. अध्यक्षांनी सांगितले की आपल्या कन्येने समुद्रात विहीर खोदली आहे. मी समुद्रावर तोवर पायही ठेवला नव्हता. शाल आली, नारळ आला. फोटोसाठी कुणीतरी माझ्या तोंडात पेढा कोंबला आणि तो कडू लागला. फवाऱ्याची चव जिभेवर अजून ठाण मांडून होती. मी तो कडू पेढा चावत उभी राहिले आणि टाळ्यांकडे पाहत राहिले. खाली बसलेल्या कुणालाही मी कुठे जाते, काय करते, तिथे श्वास कसा घेतात, याच्याशी कर्तव्य नव्हते. त्यांना विमान हवे होते. ते फ्लेक्सवर होते.

माईक हातात आल्यावर मी म्हणाले, "मी जात नाहीये. मास्क माझ्या चेहऱ्याला बसला नाही."

पंखे ऐकू येऊ लागले. मग मागच्या रांगेतून एक आवाज आला, "मग शाल परत घ्यायची का?"

हशा उसळला. अध्यक्षांनी उदार हात हलवला. "राहू द्या, राहू द्या. पुढच्या टायमाला कामाला येईल."

आई पहिल्या रांगेत होती. ती हसली नाही. घरी आल्यावर तिने एवढेच विचारले, "कुठल्या शब्दावर लागलं?"

"आभाळ."

"तिथं तोंड पूर्ण उघडतं," ती म्हणाली आणि भात लावायला उठली. त्या दिवसात मला कुणी विचारलेला तेवढाच एक शहाणा प्रश्न.

लहान मापाचा मास्क मी मुंबईहून मागवला. तो आला तोवर दुसऱ्या देशातली एक नेमणूक निघाली होती. दाखल्यासाठी पुन्हा त्याच शेडमध्ये जावे लागले. कंपनीला तिथलाच चालत होता. पुन्हा टोपडे, पुन्हा फवारा, तीच कविता. 'आभाळ' आले, हनुवटी खाली गेली. मी वाट पाहिली. काहीच लागले नाही. नव्या रबराचा कोरा वास आणि माझाच ऊबदार श्वास, बस. आईची ओळ शेवटपर्यंत अखंड गेली. पुढे अनेक देशांच्या विहिरींवर तो मास्क माझ्याबरोबर राहिला. पण त्याच्या आत इतकी निर्मळ शांतता मला पुन्हा कधी भेटली नाही.

"काही लागलं?"

"नाही."

प्रशिक्षकाने मान वर न करता सही केली. लासूरच्या त्या दाढीवाल्याच्या दाखल्यावर केली होती, तशीच.

"बघा मॅडम," तो समजुतीने म्हणाला, "हेच त्या दिवशी म्हणाला असतात तर?"

बाहेर मामा स्कूटर चालू करून उभे होते. दाखला पाहून त्यांचा चेहरा खुलला.

"तेच की," ते म्हणाले. "मी काय वेगळं सांगत होतो?"